म्हणींच्या भरवशावर निर्णय घ्यावेत का?

प्रश्न असा आहे: जवळजवळ प्रत्येक म्हणीला तिच्या उलट सांगणारी दुसरी म्हण सापडते, आणि 'माणसे अशीच असतात', 'असल्या कामात असेच होते' यांसारख्या सरसकट विधानांना अपवादही पुष्कळ दिसतात. मग प्रत्यक्ष निर्णय घेताना यांवर कितपत विसंबावे, आणि मुलांना म्हणी शिकवण्यात काही अर्थ आहे का?

मी अनेक वर्षे समुपदेशनाचे काम करतो. माझ्याकडे येणारी माणसे बहुधा एखाद्या निर्णयापाशी अडलेली असतात आणि बोलणे सुरू झाल्यावर थोड्याच वेळात एखादी म्हण पुढे येते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. माझे मत थोडक्यात असे की, म्हण जे निरीक्षण सांगते ते बहुतेक वेळा कुठेतरी खरे ठरलेले असते, परंतु ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरले हा भाग म्हणीतून गळून गेलेला असतो. तो गळलेला भाग ज्याला पुन्हा भरता येतो त्याला म्हण उपयोगी पडते. ज्याला तो भरता येत नाही, तो आधीच ठरवून टाकलेल्या गोष्टीला दाखला म्हणून म्हण वापरतो, आणि आपण विचार केला अशी स्वतःची समजूत करून घेतो.

विरोधी जोड्यांपासून सुरुवात करतो, कारण आक्षेपाचा सगळा जोर तिथेच आहे. 'गाव करी ते राव न करी' असे आपण म्हणतो आणि 'बारभाईची खेती, काय लागेल हाती' असेही म्हणतो. 'खाण तशी माती' म्हणतो आणि 'सूर्यापोटी शनैश्वर' असेही म्हणतो. 'पळसाला पाने तीनच' आणि 'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही तर सरसकट विधाने करावीत की नाही याच प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे आहेत. ही अडचण लोकव्यवहारापुरती मर्यादित नाही. पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी १९४६ साली एका लेखात दाखवून दिले की, त्या काळी प्रशासनाची तत्त्वे म्हणून जे शिकवले जात होते तेही म्हणींप्रमाणे जोडीजोडीनेच येत होते. एका वरिष्ठाच्या थेट हाताखाली माणसे मोजकीच असावीत, म्हणजे त्याचे लक्ष राहते, हे एक तत्त्व. खालपासून वरपर्यंतच्या पायऱ्या कमी असाव्यात, म्हणजे कागद अडकत नाहीत, हे दुसरे. आता हजार कर्मचाऱ्यांची संस्था घ्या. प्रत्येक वरिष्ठाच्या हाताखाली दहा जण ठेवले तर शंभर, दहा आणि एक अशा वरिष्ठांच्या तीन पायऱ्या पुरतात. पाचच जण ठेवले तर दोनशे, चाळीस, आठ, दोन आणि एक अशा पाच पायऱ्या होतात. पहिले तत्त्व पाळले की दुसरे मोडते. सायमन यांचा निष्कर्ष असा होता की ही तत्त्वे नियम नसून तोलून पाहण्याच्या बाजू आहेत, आणि कोणत्या ठिकाणी कोणत्या बाजूला किती वजन द्यायचे हे ठरवल्याशिवाय त्यांतून काहीच निष्पन्न होत नाही.

हे मला पूर्णपणे पटते, पण अनेक जण यातून जो अर्थ काढतात तो मला पटत नाही. दोन म्हणी परस्परविरोधी आहेत म्हणून दोन्ही निरर्थक, असे होत नाही. 'गाव करी' आणि 'बारभाई' ही जोडी जरा जवळून पाहू, कारण या विषयावर प्रत्यक्ष मोजमाप झालेले आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचे बळ मोजले. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसे वाढवली की एकूण ओढ वाढत होती, मात्र प्रत्येकाच्या वाट्याची ओढ कमी होत होती. म्हणजे एकाच दोरावर दोन्ही म्हणी एकाच वेळी खऱ्या ठरल्या: गावाने ओढलेला दोर एकट्या रावाला ओढता आला नसता, आणि तरीही गावातला प्रत्येक जण एकटा असताना ओढत होता त्यापेक्षा कमी ओढत होता. नंतर १९७४ मध्ये झालेल्या एका प्रयोगात डोळे बांधलेल्या माणसाला, मागे इतर जणही ओढत आहेत असे भासवले गेले. प्रत्यक्षात तो एकटाच होता आणि तरीही त्याचा जोर कमी झाला. त्यावरून कळले की ही घट केवळ एकमेकांच्या वेळा न जुळल्यामुळे होत नाही, माणूस मनातूनच हात आखडता घेतो. त्यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. १९८१ मधील प्रयोगांत असे दिसले की, गटात असतानाही प्रत्येकाचे काम वेगळे मोजले जाणार आहे हे माणसांना माहीत असेल, तर हात आखडता घेणे जवळजवळ नाहीसे होते. म्हणीतून गळलेली अट ती हीच: कोणी किती केले हे दिसत असेल तर गावाचे बळ मिळते, आणि ते झाकलेले राहत असेल तर बारभाईचा कारभार होतो.

ही अट प्रत्यक्षात कशी हाती लागते, याचा एक प्रसंग ओळख पटणार नाही अशा बेताने सांगतो. एका तरुणाला मित्रासोबत भागीत व्यवसाय सुरू करायचा होता. वडिलांचा विरोध होता आणि दोघेही माझ्यासमोर बसले होते. वडील म्हणाले, "सर, भागीत कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. बारभाईची खेती, काय लागेल हाती." मुलगा म्हणाला, "बाबा, एकट्याच्या जिवावर आजकाल काही उभं राहत नाही." ही देवाणघेवाण त्यांच्या घरी यापूर्वी कितीतरी वेळा झाली असणार, हे दोघांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. मी वडिलांना विचारले, "तुम्ही भागी मोडलेली पाहिलीत, ती कशावरून मोडली, ते सांगाल का?" त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाची हकीकत सांगितली. धंदा चांगला चालत होता. भागीदार घरच्या अडचणीला गल्ल्यातून पैसे काढायचा आणि 'नंतर लिहू' म्हणायचा; भाऊही भिडेपोटी विचारत नसे. काही वर्षांनी कोणी किती काढले यावर दोघांचे एकमत होईना आणि बोलणेच बंद झाले. मी मुलाला विचारले की तुमच्या व्यवहारात पैसे कोण काढणार आणि ते कुठे लिहिले जाणार. त्याने आणि त्याच्या मित्राने यावर एक शब्दही बोललेला नव्हता.

त्या दिवशी कागदावर जे उतरले ते असे: दोघांच्या सहीशिवाय खात्यातून रक्कम निघणार नाही, घरखर्चासाठी प्रत्येकाने दरमहा किती उचल घ्यायची हे आधी ठरेल, कोणते काम कोणाच्या अंगावर आहे याची यादी असेल, आणि दोघांपैकी एकाला बाहेर पडायचे झाल्यास त्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची हे आजच, गोडी असताना, लिहून ठेवले जाईल. वडिलांची म्हण चुकीची नव्हती. तिच्यात एका कुटुंबाने मोजलेली किंमत साठलेली होती. मात्र 'भागी करू नको' हा तिचा अर्थ वडिलांनी लावला होता. त्या हकिकतीचा खरा अर्थ 'न लिहिलेली उचल भागी मोडते' हा होता. म्हणून कोणी म्हण फेकली की तिच्याशी वाद घालण्याऐवजी तिच्यामागची हकीकत विचारावी, ही माझ्या कामातली सर्वांत उपयोगी पडलेली सवय आहे. वडीलधाऱ्या माणसांना हा प्रश्न उद्धटपणाचा वाटत नाही, उलट आपले कोणी ऐकून घेतो आहे असे वाटते.

आता दुसरी अडचण. म्हण ऐकताक्षणी खरी वाटते, आणि हे खरे वाटणे फसवे असते. पॉल लाझर्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकी सैनिकांवरील एका मोठ्या अभ्यासाची ओळख करून देताना काही निष्कर्ष मांडले: शिकलेल्या सैनिकांना मानसिक त्रास अधिक झाला, खेड्यांतून आलेल्या सैनिकांची मनःस्थिती शहरी सैनिकांपेक्षा चांगली राहिली, इत्यादी. वाचणाऱ्याला वाटावे की हे तर कोणालाही ठाऊक आहे. मग त्याने सांगितले की प्रत्यक्षात आढळले ते प्रत्येक बाबतीत याच्या नेमके उलट होते. उलट निष्कर्ष आधी सांगितले असते तर तेही तितकेच उघड वाटले असते. म्हणींची जोडी हेच काम करते. मुलगा बापासारखा निघाला की 'खाण तशी माती' तयार असते आणि वेगळा निघाला की 'सूर्यापोटी शनैश्वर'. काहीही घडले तरी स्पष्टीकरण हाताशी आहे, म्हणजे घडण्याआधी त्या स्पष्टीकरणाचा काडीचाही उपयोग नव्हता. 'अति तेथे माती' या म्हणीचेही तसेच आहे. माती झाल्यावरच आपण त्या गोष्टीला अति म्हणतो, आणि माती झाली नाही तर त्याच गोष्टीला चिकाटी म्हणतो.

यातच यमकाची भर पडते. मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिगबक्ष या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लोकांना अपरिचित असलेली यमकबद्ध वचने आणि त्याच अर्थाची, पण यमक मोडलेली वचने वाचायला दिली. अर्थ तोच असूनही यमक असलेली वचने लोकांना अधिक खरी वाटली. मात्र वचनाची रचना बाजूला ठेवून केवळ त्यातल्या दाव्याचा विचार करा, असे आधीच सांगितले तेव्हा हा फरक बराच कमी झाला. आपल्या म्हणींमध्ये यमक आणि अनुप्रास ठासून भरलेले आहेत; त्यामुळे त्या लक्षात राहतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण लक्षात राहणे आणि खरे असणे यांतले अंतर मनात जागे ठेवायचे असेल, तर म्हण साध्या गद्यात, 'अमुक असेल तेव्हा तमुक होते, कारण…' या साच्यात लिहून पाहावी. 'कारण'च्या पुढे लेखणी अडली, तर ती म्हण त्या निर्णयासाठी बाजूला ठेवावी.

कारण माहीत असणे इतके महत्त्वाचे का, हे माणसांपेक्षा हवामानाच्या एका ठोकताळ्यावरून अधिक स्वच्छ दिसते. संध्याकाळी आकाश तांबडे झाले तर पुढचा दिवस चांगला आणि सकाळी तांबडे झाले तर वादळाची सूचना, असे युरोपातले खलाशी आणि मेंढपाळ शतकानुशतके मानत आले. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातही याचा उल्लेख आहे. हा ठोकताळा मध्य अक्षांशांत, म्हणजे साधारण ३० ते ६० अंशांच्या पट्ट्यात, बऱ्यापैकी खरा ठरतो, कारण तिथे हवामान बहुतांशी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. सूर्यास्ताचे तिरपे किरण ढगांना तांबडे करू शकले याचा अर्थ पश्चिमेचे आकाश मोकळे आहे, आणि जे पश्चिमेला आहे तेच उद्या इथे येणार आहे. सकाळी तांबडे दिसले तर मोकळे आकाश पूर्वेला आहे, म्हणजे चांगली हवा पुढे निघून गेली असण्याचा संभव आहे. उष्ण कटिबंधात वारे बहुतांशी पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे तिथे हा ठोकताळा टिकत नाही. ज्याला केवळ ओळ पाठ आहे तो प्रदेश बदलल्यावर फसतो. ज्याला कारण माहीत आहे त्याला आपला ठोकताळा कुठे सोडून द्यायचा हेही कळते.

वैद्यकात ही शिस्त अधिक पक्की आहे. सर्व लक्षणांचा उलगडा करणारे एकच निदान शोधावे, अशी एक शिकवण तिथे आहे आणि एकाच रुग्णाला एकाच वेळी कितीही आजार असू शकतात, अशी दुसरी. दोन्ही शिकवल्या जातात, पण त्यांसोबत अटही शिकवली जाते: एरवी निरोगी असलेल्या तरुणात पहिलीकडे झुकावे, अनेक जुने आजार असलेल्या वृद्धात दुसरीकडे.

कोणती म्हण अधिक भरवशाची, हे ओळखण्याची आणखी एक खूण आहे. डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेविषयी अनेक वर्षे विरुद्ध मते मांडत होते. २००९ मध्ये त्यांनी एकत्र लेख लिहून दोन अटींवर एकमत केले. ज्या क्षेत्रात घटनांना काही नियमितपणा आहे, आणि जिथे आपला अंदाज बरोबर की चूक हे माणसाला वरचेवर व लवकर कळते, तिथेच अनुभवातून आलेल्या अंदाजावर विश्वास ठेवावा. हीच कसोटी मी म्हणींना लावतो. समुद्र, जनावरे, हत्यारे, हातकाम यांविषयीचे ठोकताळे रोज तपासले गेले आणि चुकीचे गळून पडले. मुलांचे संगोपन, विवाह, माणसाचा स्वभाव यांविषयीच्या म्हणींना अशी तपासणी मिळाली नाही. निकाल लागायला वीस वर्षे जातात, तो एकदाच लागतो, आणि वेगळे वागलो असतो तर काय झाले असते हे कधीच कळत नाही. दुर्दैवाने आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या निर्णयांच्या वेळी ज्या म्हणी सर्वांत ठामपणे सांगितल्या जातात त्या याच दुसऱ्या प्रकारच्या असतात.

आता सरसकट विधानांविषयी. त्यांच्यावर सरसकट टीका करणेही मला मान्य नाही. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण सामान्यीकरणाचा उत्तम नमुना आहे, आणि ती का चालते हे पाहिले की सामान्यीकरण कुठे चालत नाही हेही उलगडते. एकाच जातीचे तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर, तेवढाच वेळ शिजत असतात. म्हणून एक शीत चेपून साऱ्या भांड्याविषयी बोलता येते. तळाशी आच जास्त आणि वर कमी असेल तर वरच्या शितावरून तळाचे काहीच कळत नाही. 'त्या गावची माणसे', 'त्या धंद्यातली माणसे', 'आजची पिढी' अशी विधाने करताना आपण दोन-तीन शिते चेपलेली असतात, तीही जी आपोआप हाताला लागली ती. आणि सगळा समूह एका आचेवर शिजलेला आहे हे मात्र गृहीत धरलेले असते.

उलट दिशेची चूकही तितकीच घडते. समूहाविषयीची आकडेवारी खरी असली तरी ती व्यक्तीला लागू पडतेच असे नाही. समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवले की, ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक होते तिथे निरक्षरता कमी होती. यावरून परदेशात जन्मलेले अधिक साक्षर असा निष्कर्ष कोणीही काढला असता. व्यक्तीनिहाय पाहिल्यावर त्यांच्यातली निरक्षरता स्थानिकांपेक्षा अधिक निघाली; ते मुळात साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत जाऊन वसले होते, इतकेच.

तरीही असे प्रसंग आहेत की जिथे स्वतःच्या बारीकसारीक माहितीपेक्षा ढोबळ सामान्य विधान अधिक चांगला मार्ग दाखवते, आणि हे लोक सहसा मान्य करत नाहीत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. सगळेच बिनसले तर किती लागतील, यावरचा सरासरी अंदाज सुमारे ४९ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. आपल्या प्रबंधाची इत्थंभूत माहिती असलेल्या प्रत्येकापेक्षा 'असली कामे ठरल्यापेक्षा लांबतात' एवढेच म्हणणारा त्रयस्थ सत्याच्या जवळ गेला असता. म्हणून घर बांधणे, परीक्षेची तयारी, नवे काम शिकणे, आजारातून उठणे अशा गोष्टींत मी आधी विचारतो की, तुमच्यासारख्या इतरांना साधारण किती वेळ आणि किती खर्च लागला. तिथून सुरुवात करावी आणि 'माझे वेगळे आहे' म्हणायचे असेल तर ते कशामुळे वेगळे आहे हे सांगता आले पाहिजे.

विधान लहान किंवा साधे असणे हाही दोष नाही. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेली नवजात बाळाची तपासणी पाच लक्षणांची आहे. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. ती अगदी लहान आहे, आणि तिने प्रसूतिगृहांतली पद्धत बदलली. तिच्यात आणि म्हणीत फरक आहे तो असा की काय पाहायचे, कधी पाहायचे आणि कशाला किती गुण द्यायचे हे तिच्यातच लिहिलेले आहे.

एक प्रकारच्या म्हणी मात्र मला जवळजवळ नेहमी खऱ्या उतरलेल्या दिसतात. 'नावडतीचे मीठ अळणी', 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे', 'नाचता येईना अंगण वाकडे', 'चोराच्या मनात चांदणे'. यांतली कोणतीही म्हण काय करावे हे सांगत नाही. माणसाचा निवाडा कसा वाकडा जातो हे सांगते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सैन्याधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले, तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांचे गुण एकमेकांशी अवास्तव जुळलेले आढळले; एका बाबतीत आवडलेला माणूस सगळ्याच बाबतींत चांगला ठरत होता. 'नावडतीचे मीठ अळणी' ही त्याचीच दुसरी बाजू आहे. या म्हणींच्या उलट म्हण शोधून पाहा, सहसा सापडत नाही. त्यांचा उपयोग मात्र एकाच दिशेने होतो, स्वतःकडे. 'अंगण वाकडे' ही म्हण दुसऱ्याला ऐकवली की ती टोमणा होते आणि समोरचा ऐकणे बंद करतो. निकाल हाती आल्यावर स्वतःला विचारली तर ती तपासणीचे काम करते.

सर्वांत जास्त नुकसान करणारा प्रकारही सांगितला पाहिजे, कारण त्याचे परिणाम मी पाहतो. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही', 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही'. व्यसन सोडू पाहणाऱ्या माणसाच्या घरात या म्हणी ऐकू येतात, तेव्हा मी त्या तिथेच थांबवतो. पहिली गोष्ट म्हणजे त्या खऱ्या नाहीत. अमेरिकेत २००२ पासून धूम्रपान सोडलेल्यांची संख्या धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा जास्त आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांनी अनेकदा प्रयत्न फसल्यानंतर ते सोडले आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये वर्णन केले तसे, काही भाकिते केल्यामुळेच खरी होतात. खोड जाणारच नाही असे मानणारे घर त्या माणसाच्या हाती किल्ली देत नाही, हिशेब देत नाही, तो उशिरा आला की खिसे तपासते. एक दिवस तो कंटाळून पुन्हा जुन्या मित्रांत जाऊन बसतो, आणि म्हण खरी ठरल्याचे समाधान घराला मिळते. समोरच्या माणसाविषयीची म्हण त्याच्या कानावर पडणार असेल, तर तिचा खरेखोटेपणा त्याच्या पुढच्या वागण्यातही मिसळतो, हे विसरू नये. तिथे मी घरच्यांना म्हणीऐवजी एक छोटी, ठरावीक मुदतीची जबाबदारी त्या माणसाकडे सोपवायला सांगतो आणि मुदत संपल्यावर काय दिसले ते लिहून आणायला सांगतो.

व्यवहारात दोन विरोधी म्हणींपैकी एक निवडायची वेळ आलीच, तर पाऊल मागे घेता येते की नाही हे मी आधी पाहतो. 'शुभस्य शीघ्रम्' ही म्हण परत फिरता येईल अशा कामांसाठी चांगली: शिकवणी लावून पाहणे, लहान प्रमाणात प्रयोग करणे, अवघड फोन करून टाकणे. सही, शस्त्रक्रिया, राजीनामा, घराची विक्री अशा ठिकाणी 'अति घाई, संकटात नेई' हीच म्हण ऐकावी. यातली चूक किती महाग पडेल हे त्या दोन्ही म्हणींना ठाऊक नसते; ते आपल्यालाच पाहावे लागते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण मला म्हणूनच आवडते: ती उत्तर देत नाही, अंथरूण मोजायला पाठवते.

राहिला मुलांचा प्रश्न. म्हणी जरूर शिकवाव्यात, भाषेसाठी आणि विचारासाठीही. मात्र अर्थ आणि वाक्यात उपयोग एवढ्यावर थांबू नये. शक्य तिथे दोन विरोधी म्हणी एकत्र द्याव्यात आणि कोणती कधी लागू पडेल अशा दोन-दोन घटना मुलांना स्वतः रचायला सांगाव्यात. जोडी नसेल तिथे अट विचारावी. 'थेंबे थेंबे तळे साचे' हे केव्हा खरे ठरणार नाही, असे विचारले तर दहा-बारा वर्षांचे मूलही सांगते की तळे गळके असेल तर. आणि कुणी म्हणते, उन्हाने आटण्याचा वेग थेंबांपेक्षा जास्त असेल तर. मग आपल्या खाऊच्या पैशांचे तळे कुठे गळते, हे महिनाभर वहीत लिहायला सांगावे.